सुभेदाराची दुसरी नोकरी (धागा)

कोकणच्या इतिहासाविषयी लिहिताना गलबत, भातशेती आणि मुंबईची गिरणी यांवर बरेच लिहिले जाते. पलटण मात्र बहुधा राहून जाते. बाणकोटच्या खाडीपासून मालवण-वेंगुर्ल्यापर्यंतच्या पट्ट्यातून एकोणिसाव्या शतकात असंख्य तरुण मुंबई इलाख्याच्या लष्करात गेले आणि उतारवयात पेन्शन घेऊन परतले. त्यांच्या परतल्यानंतरच्या आयुष्यात काय घडले, घर कसे चालले, मुलांचे काय झाले, हे फारसे कोणी लिहून ठेवले नाही. या धाग्यात अशाच एका पेन्शनराची हकीकत आहे. धागा लांब आहे, सवडीने वाचावा.

आधी थोडा भूगोल. आजच्या सिंधुदुर्गातील मालवण, देवगड, वेंगुर्ले हा भाग तेव्हा रत्नागिरी जिल्ह्यातच मोडत असे. सावंतवाडीचे संस्थान निराळे. सिंधुदुर्ग हा स्वतंत्र जिल्हा १ मे १९८१ रोजी झाला. १८१२ साली कोल्हापूरकरांनी मालवण बंदर आणि सिंधुदुर्ग किल्ला कंपनी सरकारच्या हवाली केला, वेंगुर्लेही त्याच सुमारास इंग्रजांकडे आले, आणि १८१८ मध्ये पेशवाई बुडाल्यावर उरलेले दक्षिण कोकणही गेले. जलदुर्गांवरची आणि घाटमाथ्यावरची शिबंदी मोडली. पिढ्यान्‌पिढ्या किल्ल्यांवर चाकरी करणाऱ्या घरांसमोर वरकस जमीन, खोताचा फाळा आणि चार महिन्यांचा पाऊस एवढेच उरले. अशा वेळी कंपनीच्या पलटणीचा दरमहा रोख पगार हे मोठे आकर्षण होते. मराठे गेले, भंडारी गेले, मुसलमान गेले आणि फार मोठ्या संख्येने महार गेले.

महारांच्या बाबतीत या नोकरीला एक जास्तीचा अर्थ होता. गावात वतनी कामे, वेशीबाहेरची वस्ती आणि विटाळाचे नियम. पलटणीत गणवेश, हुद्दा, कवायत आणि शाळा. शाळा हा शब्द इथे महत्त्वाचा आहे. शिपायांना आणि त्यांच्या मुलामुलींना शिकवण्याची सक्ती कंपनीच्या लष्करात होती. मुलांची शाळा वेगळी, मुलींची वेगळी, प्रौढांसाठी रात्रीची. त्यामुळे देशात अस्पृश्यांच्या शिक्षणाचे नाव काढण्याची सोय नव्हती, त्या काळात पलटणीतील महारांच्या घरांत बायकादेखील वाचू-लिहू शकत होत्या. पुढे डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी ही गोष्ट आवर्जून नोंदवून ठेवली, कारण ती त्यांच्या स्वतःच्या घरातली होती.

या धाग्यातले पेन्शनर म्हणजे त्यांचे वडील, सुभेदार रामजी मालोजी सकपाळ. मुलाचे चरित्र इतके विशाल की वडील त्याच्या पहिल्या प्रकरणापुरतेच उरतात: कडक शिस्तीचे, कबीरपंथी, मुलाला पहाटे उठवणारे. चरित्रकारांचा दोष नाही, त्यांचा नायक दुसरा होता. पण हेच प्रकरण वडिलांच्या बाजूने वाचले, तर समोर येतो तो पन्नाशीच्या आतबाहेरचा एक निवृत्त लष्करी माणूस, ज्याला पेन्शन पुरत नाही, दुसरी नोकरी करावी लागते, जिथे नोकरी तिथे घर नाही आणि जिथे घर तिथे बाईमाणूस उरलेले नाही.

सकपाळांचे मूळ गाव आंबडवे. आज ते मंडणगड तालुक्यात येते, तेव्हा दापोली तालुक्यात धरले जाई. रामजींचे वडील मालोजी हेही पलटणीत होते. रामजींनी लष्करात राहून पुण्याच्या नॉर्मल स्कूलमध्ये शिक्षकाचे शिक्षण घेतले आणि पुढे चौदा वर्षे लष्करी शाळेचे मुख्याध्यापकपद सांभाळले. मराठी उत्तम, इंग्रजी चांगले, गणिताची आवड. क्रिकेट-फुटबॉलचा षोक. दारू-मांसाला स्पर्श नाही. जोतीराव फुल्यांविषयी आदर. सुभेदार या हुद्द्यावर ते निवृत्त झाले. देशी माणसाला तेव्हा मिळू शकणाऱ्या हुद्द्यांत हा वरचा होता, त्यावर सुभेदार-मेजर तेवढा.

पत्नी भीमाबाई मुरबाडकरांच्या घरातल्या. हे घर तर रामजींच्या घराहून अधिक लष्करी. वडील सुभेदार-मेजर आणि चुलतेही त्याच हुद्द्याचे, असे चरित्रकार धनंजय कीर सांगतात. माहेर सुखवस्तू, सासर बेताचे. छावण्यांमागून छावण्या बदलत या जोडप्याचा संसार झाला. चौदा अपत्ये झाली, त्यांतली बरीचशी लहानपणीच गेली. जगली ती बाळाराम, आनंदराव, मंजुळा, तुळसा आणि सर्वांत धाकटे भीमराव. भीमरावांचा जन्म महूच्या छावणीतला, १४ एप्रिल १८९१ चा. छावणीच्या बाहेरचा हिंदुस्थान या घराने तोवर सुटीपुरताच पाहिला होता, असे म्हणायला हरकत नाही.

१८९४ च्या सुमारास रामजी निवृत्त झाले.

नेमक्या याच वर्षांत आणखी एक घटना घडत होती. लष्कराची पुनर्रचना सुरू होती. सरसेनापती लॉर्ड रॉबर्ट्स यांच्या काळात ‘लढाऊ जाती’ची कल्पना बळावली: पंजाबी, पठाण, गुरखा हे जन्मजात लढवय्ये, दक्षिणेकडील लोक नव्हेत. पलटणी जातवार बांधल्या जाऊ लागल्या आणि या नव्या मांडणीत महारांना जागा उरली नाही. १८९२-९३ मध्ये त्यांची भरती थांबवण्यात आली. कोरेगावच्या स्तंभावर ज्यांची नावे कोरलेली, त्यांच्या नातवंडांना भरतीच्या मैदानावरून परत पाठवण्याची वेळ आली.

रामजींच्या घरावर याचा काय परिणाम झाला, हे नीट समजून घेण्यासारखे आहे. आजोबा पलटणीत, वडील पलटणीत, सासरे आणि चुलत-सासरे पलटणीत. घरात तीन मुलगे. एरवी प्रश्नच नव्हता. अठरावे लागले की भरती. तो रस्ता बंद झाला आणि त्यांना दुसरा कुळधंदा नव्हता, कारण वतनी कामे या घराने दोन पिढ्यांपूर्वीच टाकली होती. म्हणजे निवृत्त होताना रामजींच्या हातून केवळ स्वतःची नोकरी गेली नाही. मुलांची ठरलेली नोकरीही गेली. त्यांनी मुलांच्या शाळेचा पुढे जो ध्यास घेतला, त्याकडे नुसती विद्येची आवड म्हणून पाहणे अपुरे आहे. पलटणीला दुसरा पर्याय शोधण्याची ती निकड होती.

स्वस्थ बसणे त्यांच्या स्वभावात नव्हते. या बंदीविरुद्ध अर्ज तयार करण्यासाठी ते न्यायमूर्ती महादेव गोविंद रानड्यांकडे गेले, अशी नोंद कीर यांनी केली आहे. दापोलीचे दुसरे पेन्शनर गोपाळबाबा वलंगकर हे १८८६ मध्ये लष्करातून निवृत्त झालेले. १८८८ मध्ये ‘विटाळ विध्वंसन’ ही पुस्तिका काढून त्यांनी धर्माचार्यांनाच प्रश्न विचारले होते. १८९४ मध्ये भरतीसाठी अर्जाचा खटाटोप त्यांनीही केला. सरकारने दाद दिली नाही.

पेन्शनर मंडळी दापोलीलाच का जमत, हा प्रश्न इथे येतो. १८१८ नंतर दक्षिण कोकणचे लष्करी ठाणे म्हणून इंग्रजांनी दापोली निवडली. उंचावरची थंड हवा, समुद्र जवळ, साहेबाला मानवणारी जागा. ‘कॅम्प दापोली’ हे नाव आजही तोंडात आहे. ठाणे पुढे उठले, पण निवृत्त शिपायांची वस्ती राहिली. आपापल्या गावात परतून पाटलाच्या हुकमाखाली राहण्यापेक्षा आपल्यासारख्या चार हवालदार-सुभेदारांच्या शेजारी राहावे, असे त्यांना वाटले असल्यास नवल नाही. गावात सरकारी पेन्शन चालते. सरकारी हुद्दा चालत नाही.

रामजींनीही बिऱ्हाड दापोलीलाच नेले. कायम राहण्याचा विचार होता. परंतु ‘काही कारणांमुळे’ वडिलांनी बेत बदलला, एवढेच आंबेडकर आपल्या आठवणींत म्हणतात. कारणे देत नाहीत. दापोलीत त्या दशकात काय चालले होते, हे पाहिले तर अंदाज करता येतो. महार पेन्शनरांनी आपल्या मुलांना नगरपालिकेच्या शाळेत घ्यावे म्हणून अर्जविनंत्या चालवल्या होत्या, आणि हक्क मान्य झाला तरी मुलांना बसवले गेले ते ओटीवर, वर्गाबाहेर. चौदा वर्षे शाळेचा मुख्याध्यापक राहिलेल्या माणसाने आपली मुले ओटीवर बसवायची! त्यातच पेन्शनमध्ये एवढे कुटुंब भागणे अवघड. शाळा आणि पैसा, दोन्ही बाजूंनी दापोली पुरेशी नव्हती.

साताऱ्याला सार्वजनिक बांधकाम खात्यात भांडारपालाची, म्हणजे स्टोअरकीपरची, जागा मिळाली आणि कुटुंब घाटावर आले. छावणीच्या परिसरात राहायला जागा झाली. जुने लष्करी लोक आसपास होते. घडी बसते आहे असे वाटत असतानाच, १८९६ च्या सुमारास, भीमाबाई वारल्या. धाकटा भिवा तेव्हा पाच-सहा वर्षांचा.

इथून पुढची काही वर्षे या घराच्या इतिहासातली सर्वांत कठीण. घर सांभाळायला आल्या त्या रामजींच्या बहीण मीराबाई. पाठीला कुबड, पायांना अधूपणा, त्यामुळे लग्नसंसारातून बाजूला पडलेली ही बाई त्या घराचा खरा आधार होती. आंबेडकरांनी या आत्याविषयी फार मायेने लिहिले आहे आणि तिच्याने काम होत नसे हेही स्वच्छ सांगितले आहे. मुलांना स्वयंपाक स्वतः करावा लागे. चपात्या जमत नसत, पुलाव जमे. त्यावरच दिवस काढले जात.

त्यानंतर रामजींनी दुसरे लग्न केले. जिजाबाई घरात आल्या. बापाच्या बाजूने पाहता यात विशेष काही नव्हते; घरात कर्ती स्त्री नाही, मुले लहान, बहीण अधू, आपण नोकरीवर. त्या काळातील बहुतेक विधुरांनी हेच केले असते. मुलाच्या बाजूने पाहता हा घाव होता. आईचे दागिने दुसऱ्या बाईच्या अंगावर पाहून तो बिथरला. बापाच्या अन्नावर राहायचे नाही, मुंबईला जाऊन गिरणीत काम धरायचे, असे त्याने मनाशी ठरवले. भाड्यासाठी पैसे हवेत म्हणून झोपलेल्या आत्याच्या कमरेची पिशवी काढण्याचा प्रयत्न तीन रात्री केला. चौथ्या रात्री पिशवी हाती आली, तीत अर्धा आणा निघाला. त्या अर्ध्या आण्याची लाज वाटून आपण अभ्यासाकडे वळलो, असे आंबेडकरांनी पुढे सांगितले.

ही गोष्ट सांगताना सगळा भर मुलाच्या निश्चयावर दिला जातो. तिच्यातला दुसरा तपशील तितकाच बोलका आहे: सुभेदाराच्या घरात घर चालवणाऱ्या बाईच्या पिशवीत अर्धा आणा होता.

७ नोव्हेंबर १९०० रोजी साताऱ्याच्या सरकारी हायस्कुलात, म्हणजे आजच्या प्रतापसिंह हायस्कुलात, ‘भिवा रामजी आंबेडकर’ हे नाव पहिल्या इयत्तेत दाखल झाले. तो दिवस महाराष्ट्रात आता विद्यार्थी दिन म्हणून पाळला जातो. शाळेतले गोणपाट, शिपायाने नळ सोडल्याखेरीज न मिळणारे पाणी, या गोष्टी सर्वपरिचित आहेत. इथे त्या पुन्हा सांगत नाही. घरात मात्र लष्करी शाळेचा मुख्याध्यापक दुसरी पाळी चालवत होता. हॉवर्डची इंग्रजी पुस्तके तोंडपाठ, तर्खडकरांच्या भाषांतरमालेतले धडे, रामायण-महाभारताचे वाचन, संध्याकाळी कबीराची भजने. मुलांनी संस्कृत शिकावे अशी त्यांची इच्छा होती. शिक्षकाने नकार दिला तेव्हा फारसी घ्यावी लागली.

पण ही दुसरी पाळी चालवायला वडील घरी असावे लागतात आणि बांधकाम खात्याची नोकरी त्यांना घरी राहू देत नव्हती.

१८९९-१९०० चा दुष्काळ महाराष्ट्राने पाहिलेल्या मोठ्या दुष्काळांपैकी. साताऱ्याच्या पूर्वेकडचा माण-खटाव भाग एरवीही कोरडा. सरकारने दुष्काळी कामे काढली. खटाव तालुक्यात गोरेगावला तलाव खोदला जात होता आणि तिथे रामजींची नेमणूक खजिनदार म्हणून झाली. काम जोखमीचे. उपासमारीने हैराण झालेली माणसे मातीकामावर येणार, त्यांची मजुरी रोख द्यायची, हिशेबात पैचा फरक चालायचा नाही. निवृत्त सुभेदारासारखा शिस्तीचा, हिशेबी आणि लिहिता-वाचता माणूस अशा जागेवर सरकारला सोयीचा होता. सुभेदारालाही पगार हवा होता. मुले मागे साताऱ्यातच राहिली: आनंदराव, भीमराव आणि वारलेल्या मोठ्या बहिणीचे दोन मुलगे. वर देखरेख मीराबाईंची आणि चांगल्या शेजाऱ्यांची.

१९०१ चा उन्हाळा. रामजींनी मुलांना सुटीत गोरेगावला बोलावले. मुलांच्या आनंदाला पारावार नव्हता; आगगाडी त्यांनी आजवर पाहिली नव्हती. प्रवासासाठी विलायती कापडाचे सदरे, जरीच्या टोप्या, नवे जोडे, रेशीमकाठी धोतरे, अशी सगळी तयारी झाली. हा खर्च वडिलांनी पाठवलेल्या पैशांतून झाला होता. दूर नोकरी करणाऱ्या बापाला मुलांसाठी जे करता येते, ते त्यांनी केले होते. मसूर स्टेशनवर उतरायचे, तिथे वडील किंवा त्यांचा माणूस न्यायला येणार, असे ठरले आणि येण्याचा दिवस कळवणारे पत्र मुलांनी टाकले.

स्टेशनवर कोणी आले नाही. पुढचा प्रसंग आंबेडकरांनी ‘वेटिंग फॉर अ व्हिसा’ या आठवणींत स्वतः लिहिला आहे. चांगले कपडे पाहून ब्राह्मणाची मुले समजणारा स्टेशनमास्तर, ‘महार’ हा शब्द ऐकताच पाच पावले मागे सरकलेला. दुप्पट भाडे घेऊनही गाडीत न बसणारा गाडीवान. हातात कासरा मुलांच्या, गाडीवान पायी. जवळ फराळ असून पाण्यावाचून तो घशाखाली न उतरणे. रात्री जकात नाक्यावर मुसलमान असल्याची थाप मारूनही न मिळालेले पाणी. दुसऱ्या दिवशी सकाळी अकराच्या सुमारास मुले गोरेगावला पोचली.

वडिलांना धक्काच बसला. मुले येणार हे त्यांना ठाऊकच नव्हते. पत्र पोचले होते, पण नोकराने ते त्यांच्या हाती दिलेच नव्हते.

त्या दिवशी रामजींच्या मनात काय आले, हे कोणी लिहिलेले नाही. नऊ वर्षांच्या मुलाला जे कळले, त्यावर ग्रंथ झाले. पण बापाची अडचण समजून घ्यायची तर एवढे आठवावे, की छावणीत वाढवलेल्या मुलांना छावणीबाहेरचे जग त्यांनी कधी एकटे दाखवले नव्हते. छावणीत ती सुभेदाराची मुले होती. मसूरच्या फलाटावर सुभेदार हा शब्द कोणाच्या उपयोगी पडला नाही. आणि तिथे पडला नसता तो त्यांच्या हजेरीतही. ते स्वतः उभे असते, तरी गाडीवानाचे उत्तर तेच आले असते. फरक एवढाच, की उत्तर ऐकायला मुलांआधी ते असते.

१९०४ मध्ये कुटुंबाने सातारा सोडला आणि मुंबई गाठली. कोकणी माणसाला हा निर्णय समजावून सांगावा लागत नाही. परळच्या डबक चाळीत एक खोली. त्याच खोलीत स्वयंपाक, माणसे, सरपण, पुस्तके आणि धूर. भीमराव आधी मराठा हायस्कुलात, मग एल्फिन्स्टन हायस्कुलात गेले.

मुंबईत रामजींना एक कठोर हिशेब करावा लागला. पेन्शनीत दोन मुलांचे शिक्षण बसत नव्हते. आनंदरावांची शाळा सुटली, ते कारखान्यात कामाला लागले. थोरले बाळाराम आधीच कमावते होते. दोघांच्या मजुरीवर आणि बापाच्या पेन्शनीवर तिसरा शिकणार. या निवडीविषयी आनंदरावांचे म्हणणे काय होते, हे इतिहासात कुठे आढळत नाही. एका मुलाच्या शिक्षणाची किंमत दुसऱ्याने दिली, हे मात्र स्पष्ट आहे. अशी आनंदरावांसारखी माणसे कोकणातल्या प्रत्येक शिकलेल्या घरामागे एकदोन तरी सापडतात.

खोलीत अभ्यासाला जागा नव्हती, म्हणून रामजींनी वेळ वाटून घेतली. मुलाने संध्याकाळी लवकर झोपायचे. स्वतः ते जागे राहत. रात्री दोनला त्याला उठवायचे आणि त्याने मोकळी केलेल्या जागेवर आपण आडवे व्हायचे. घासलेटच्या चिमणीखाली मुलगा पहाटेपर्यंत वाचत बसे. पहारे बदलण्याची ही पद्धत कुठल्या शाळेतून आली, हे सांगायला नको.

पुस्तकांचा प्रश्न तर रोजचा. भीमरावांना पाठ्यपुस्तकांखेरीज इतर पुस्तके हवी असत आणि वडिलांकडे पैसे नसत. मग सुभेदार आपल्या विवाहित मुलीकडे जायचे, तिच्याकडून उसने मागायचे. तिच्याजवळ रोख नसेल तर तिचा एखादा दागिना घेऊन मारवाड्याकडे गहाण ठेवायचे, पुस्तक आणायचे आणि पेन्शन हाती पडली की दागिना सोडवून परत द्यायचा. लेकीच्या सासरी जाऊन हात पसरणे हे त्या पिढीच्या बापाला किती जड जात असेल! ज्याला शिपायांनी वर्षानुवर्षे सलाम केला, त्या माणसाला हे करावे लागत होते. ही आठवण आंबेडकरांनी स्वतः सांगितलेली आहे, आणि आपण वडिलांना तेव्हा किती छळले याची जाणीव तिच्यात आहे.

लग्नाच्या बाबतीत मात्र रामजी आपल्या काळाचे आणि आपल्या प्रदेशाचे राहिले. भीमरावांसाठी आधी ठरवलेले एक स्थळ त्यांनी मोडले, त्याबद्दल जातपंचायतीने पाच रुपये दंड केला, तो भरला आणि दापोलीजवळच्या वणंद गावची रमा सून म्हणून पसंत केली. रमाचे वडील भिकू धुत्रे दाभोळ बंदरात मासळीच्या टोपल्या वाहत. भायखळ्याच्या बाजारात दिवसाचा व्यवहार आटोपल्यावर, रात्री, रिकाम्या ओट्यांच्या साक्षीने हे लग्न लागले. घर मुंबईत असले तरी सोयरिकीला कोकणच. किनाऱ्यावरची घरे आजही याहून फार वेगळे वागत नाहीत.

१९०७ मध्ये भीमराव मॅट्रिक झाले. एल्फिन्स्टन कॉलेजात पहिली परीक्षा उत्तीर्ण झाल्यावर घराची आर्थिक शक्ती संपली. कृष्णराव अर्जुन केळुसकर यांच्या खटपटीने सयाजीराव महाराजांची दरमहा पंचवीस रुपयांची शिष्यवृत्ती मिळाली, तेव्हा गाडे पुढे सरकले. केळुसकर हे नाव ऐकताच वेंगुर्ल्याजवळचे केळूस आठवावे. या कथेत दक्षिण कोकण असे अधूनमधून डोकावते.

बी.ए. झाल्यावर शिष्यवृत्तीच्या बांधिलकीप्रमाणे बडोद्याची नोकरी आली. रामजींचा तिला विरोध होता. मुलाने मुंबईतच काही पाहावे, बडोद्याला जाऊ नये, असे त्यांचे म्हणणे. तिथे त्याच्या वाट्याला काय येईल, याचा त्यांना अंदाज असावा. मसूरचे स्टेशन ते विसरले नसणार. मुलगा गेला. जानेवारी १९१३. संस्थानच्या फौजेत लेफ्टनंट म्हणून त्याची नेमणूक झाली, असे कीर लिहितात. म्हणजे भरतीचे दार ज्यांच्यावर बंद झाले होते, त्या घरात वीस वर्षांनी पुन्हा एक लष्करी हुद्दा आला, तोही सुभेदाराच्या वरचा. या गोष्टीचा आनंद रामजींना झाला की नाही, कोण जाणे.

काही दिवसांतच तार गेली: वडील अत्यवस्थ. भीमराव निघाले. सुरतेला गाडी थांबली तेव्हा वडिलांसाठी बर्फी घ्यावी म्हणून खाली उतरले, तेवढ्यात गाडी सुटली. दुसरी गाडी मिळेपर्यंत दिवस गेला. घरी पोचले तेव्हा सगळे भोवती जमलेले होते. सुभेदारांनी मुलाच्या पाठीवरून हात फिरवला, काही बोलण्याचा प्रयत्न केला. २ फेब्रुवारी १९१३ रोजी त्यांनी देह ठेवला.

त्याच वर्षी जुलैत भीमराव न्यूयॉर्कला पोचले. १९२३ मध्ये त्यांचा ‘द प्रॉब्लेम ऑफ द रुपी’ हा प्रबंध लंडनमध्ये ग्रंथरूपाने निघाला, तो त्यांनी आईवडिलांच्या स्मृतीस अर्पण केला आणि त्यांनी आपल्या शिक्षणासाठी सोसलेल्या झळांचा तिथे उल्लेख केला.

रामजींचा दुसरा विषय, लष्करभरतीचा, अजून बराच काळ लोंबकळत राहिला. शिवराम जानबा कांबळे यांनी विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात त्यासाठी पुन्हा अर्ज केले. पहिल्या महायुद्धात माणसे कमी पडू लागली, तेव्हा १९१७ मध्ये १११ वी महार पलटण उभी राहिली. युद्ध संपले आणि १९२१ मध्ये तीही मोडण्यात आली. दुसऱ्या महायुद्धात, जुलै १९४१ मध्ये, डॉ. आंबेडकर व्हाइसरॉयच्या संरक्षण सल्लागार मंडळावर गेले आणि त्यांनी हा प्रश्न तिथे लावून धरला. १ ऑक्टोबर १९४१ रोजी बेळगावात, आंबोली घाटाच्या वरच्या अंगाला, महार रेजिमेंटची पहिली बटालियन उभी राहिली. रानड्यांकडे नेलेल्या त्या अर्जाला तोवर जवळजवळ पन्नास वर्षे झाली होती.